बारा दिवसांचा डास

हिवतापाचा डास म्हटलं की चावणारा डास डोळ्यांपुढे येतो. पण आयुष्यात पहिल्यांदाच चावणारी डासाची मादी हिवताप देऊच शकत नाही, कारण तिच्या अंगात अजून परजीवी शिरलेला नसतो. (चावते ती मादीच; नर फुलांच्या आणि झाडांच्या गोड रसावर जगतो.) तिला आधी कुणा रुग्णाचं रक्त प्यावं लागतं. त्या रक्ताबरोबर आलेला परजीवी तिच्या पोटाच्या आवरणात रुजतो, तिथे फोडासारखा वाढतो, फुटतो आणि त्यातून निघालेली सूक्ष्म पिल्लं तिच्या लाळेच्या ग्रंथींपर्यंत पोचतात. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना सूक्ष्मदर्शकाखाली डासाच्या पोटाच्या भिंतीत जे गोलसर फोड दिसले, ते याच वाटेवरचं मधलं ठाणं होतं.

या वाटेला वेळ लागतो, आणि तो हवेच्या उष्णतेवर ठरतो. सर्वांत घातक असा जो फॅल्सिपेरम परजीवी, त्याला २५ अंश सेल्सिअसला साधारण बारा दिवस लागतात. २८ अंशांना नऊ-साडेनऊ दिवसांत काम होतं, तर २० अंशांना सत्तावीस-अठ्ठावीस दिवस उलटतात. रानातल्या डासाला बारा दिवस म्हणजे फार झाले. पाखरं, कोळी, पाल, चतुर, वारा, कोरडी हवा यांतून रोज काही ना काही मरतच असतात. म्हणून हिवताप देणारा डास हा नेहमीच म्हातारा डास असतो. कीटकनाशकांचं यश आणि अपयश समजून घ्यायचं तर ही एक गोष्ट पक्की धरून चालावं लागतं.

आता एक हिशेब मांडू. समजा, एका गावात एक हजार माद्यांनी आज दूषित रक्त प्यायलं. त्यांतल्या दहातल्या नऊ रोज तग धरतात आणि एक मरते, असं मानू. बाराव्या दिवशी उरतील २८२. त्या सगळ्या धोक्याच्या. आता याच गावात घराच्या भिंतींवर औषध फवारू. मादी दर दोन-तीन दिवसांनी रक्त पिते, म्हणजे या बारा दिवसांत तिला सुमारे पाच वेळा घरात यावं लागतं. दर खेपेला भिंतीवर टेकल्यावर त्यांतल्या निम्म्या मरत असतील, तर बाराव्या दिवशी २८२ऐवजी उरतील फक्त ९. औषधानं एकाच खेपेत सगळे डास मारायची गरजच नाही. दर खेपेला निम्मे मारले तरी रोगाचा कणा मोडतो.

हाच हिशेब उलटा करून पाहू. त्याच औषधानं खेपेला निम्म्याऐवजी फक्त तीस टक्के डास मरू लागले, तर बाराव्या दिवशी उरतात ४७. दहाच टक्के मरू लागले, तर उरतात १६७. पन्नासावरून तीसवर आलेला आकडा कानाला तेवढा भयंकर वाटत नाही, पण म्हाताऱ्या डासांची संख्या तेवढ्यानं पाचपट झालेली असते. कीटकनाशकाला डास दाद देईनासे होतात, म्हणजे सोप्या भाषेत एवढंच होतं: डासाला ते बारा दिवस परत मिळतात.

भिंत का, हेही सांगायला हवं. पोटभर रक्त प्यायलेली मादी जवळजवळ दुप्पट जड होते. तिला लांब उडवत नाही. ती जवळच्या भिंतीवर, अंधाऱ्या कोपऱ्यात, आढ्याखाली टेकते आणि रक्तातलं जादा पाणी बाहेर टाकत बसते. ही तिची दुबळी घटका. भिंतीवर औषधाचा पातळ थर असेल तर तो तिच्या पायांतून अंगात शिरतो. डीडीटी हे रसायन १८७४ मध्येच तयार झालं होतं. ते किडे मारतं, हे स्वित्झर्लंडच्या पॉल म्युलर यांना १९३९ मध्ये कळलं आणि १९४८ मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. या औषधाची मोठी गंमत अशी, की एकदा मारलं की ते भिंतीवर महिनोन्‌महिने टिकायचं. चौरस मीटरला एक ग्रॅम, वर्षाला दोन फेऱ्या, एवढ्यावर काम भागत असे. जुन्या मुंबई प्रांतात, कारवार आणि धारवाडच्या मुलखात, डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४५-४६च्या सुमाराला गावंच्या गावं फवारून हे दाखवून दिलं. पाठीवर किंवा हातात पंप, डोक्याला फडकं, दारावर तारीख लिहून जाणारे फवारणीवाले. खेड्यातल्या जुन्या माणसांना ते अजून आठवतात.

राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम १९५३ मध्ये सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख माणसं दगावत, असा अंदाज होता. यश इतकं झपाट्यानं आलं की १९५८ मध्ये कार्यक्रमाच्या नावातला ‘नियंत्रण’ हा शब्द जाऊन ‘निर्मूलन’ आला. १९६५ मध्ये देशभरात नोंदलेले रुग्ण लाखाच्या आसपास होते. आणि १९७६ मध्ये ६४ लाखांवर.

या उलटफेराचं सगळं खापर डासांच्या प्रतिकारावर फोडणं मला बरोबर वाटत नाही. औषधाचा पुरवठा अडखळला, पैसा आटला, शहरं वाढली आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष झालं, लक्ष उडालं. परजीवीही बदलला: क्लोरोक्विनच्या गोळीला न जुमानणारा फॅल्सिपेरम भारतात पहिल्यांदा १९७३ मध्ये आसामात आढळला. पण या सगळ्याच्या खालून एक प्रवाह वाहतच होता. ग्रामीण भारतात हिवतापाचा मोठा वाटा ज्या डासाकडून येतो, त्या अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेशीसमध्ये डीडीटीला प्रतिकार गुजरातच्या पंचमहाल जिल्ह्यात १९५९ मध्येच नोंदला गेला होता. ‘निर्मूलन’ हा शब्द कागदावर चढून जेमतेम एक वर्ष झालं होतं. डीडीटी चालेना म्हणून मॅलॅथिऑन आलं. गुजरातेतच १९७३ मध्ये त्यालाही प्रतिकार दिसला. मग सिंथेटिक पायरेथ्रॉइड आली, आणि २००२ मध्ये त्यांतल्या डेल्टामेथ्रिनला दाद न देणारे हेच डास सुरतेकडे आणि तमिळनाडूत रामेश्वरमला सापडले. दर खेपेला औषध नवं, डास तोच.

‘डास औषधाला सरावले’ असं आपण सहज बोलून जातो. सरावत कुणी नाही. एकही डास आपल्या हयातीत काही शिकत नाही. होतं ते वेगळंच, आणि विदर्भातल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला ते समजावून सांगायची गरज पडू नये. गुलाबी बोंडअळीला मारणारं विष बीटी कपाशीच्या बोंडातच होतं. तरी २०१७च्या हंगामात महाराष्ट्रात बोंडं फोडली तर आत अळी. त्या अळ्यांच्या आज्या-पणज्यांत काही मोजक्या अशा होत्याच, ज्यांच्यावर ते विष चालत नव्हतं. बाकीच्या मेल्या, या उरल्या, आणि शेत त्यांच्या लेकरांनी भरलं. डासांचंही अगदी हेच. लाखो डासांत कुठेतरी दोन-चारांच्या जनुकात किरकोळ फरक आधीपासून असतो. औषध नसतं तेव्हा त्या फरकाला किंमत नसते. औषध येतं आणि तेवढेच शिल्लक राहतात. एक मादी एका खेपेला शंभरावर अंडी घालते, आणि उबदार हवेत अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंतचं चक्र दोन-तीन आठवड्यांत पुरं होतं. आपल्या एका आर्थिक वर्षात डासांच्या दहा-पंधरा पिढ्या होऊन जातात.

इथे एक बारकावा आहे, आणि फवारणीच्या कामातला तो सर्वांत दुर्लक्षित बारकावा आहे असं मला वाटतं. कोणत्याही जनुकाच्या डासाला दोन प्रती मिळतात, आईकडून एक आणि वडिलांकडून एक. सुरुवातीच्या काळात ज्यांच्याकडे प्रतिकाराचं जनुक असतं, त्यांच्यातल्या जवळजवळ सर्वांकडे त्याची एकच प्रत असते. भिंतीवर औषधाचा ताजा, पुरेसा थर असेल तर एका प्रतीवर बहुधा निभाव लागत नाही. तेही मरतात आणि जनुक पुढे सरकत नाही. पण थर विरळ झाला, महिने उलटून अर्धामुर्धा राहिला, की अगदी साधे डास मरतात आणि एका प्रतीवाले निसटतात. ताजी भिंत परवडते, एक वेळ मेलेली भिंत परवडते; अर्धमेली भिंत मात्र चाळणीसारखी काम करते. नेमके नको तेच डास ती वेचून मागे ठेवते.

आणि भिंत अर्धमेली व्हायला आपल्याकडे कारणं भरपूर. फवारणी झाली की पंधरा दिवसांत सण येतो, घर सारवलं जातं, पोतेरं फिरतं, आणि औषध शेणामातीच्या आड जातं. देवघर नको, चूल नको, धान्याची कणगी नको, म्हणत अर्धं घर फवारायचं राहतं. पांढरे डाग पडतात, वास येतो, ढेकूण मात्र वाढतात, अशी तक्रार असते. आणि ढेकणांची तक्रार खोटी नव्हे, कारण ढेकणांनीही डीडीटीला केव्हाच दाद देणं सोडलेलं आहे. घरच्या बाईला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. ज्या आठवड्यात तिचं सारवण ठरलेलं आहे त्याच्या आधीच्या आठवड्यात फवारणी करणाऱ्या वेळापत्रकाचा तो दोष आहे.

आता डासाच्या अंगात काय बदलतं ते पाहू. मज्जातंतूतून संदेश जातो तो सोडियमच्या कणांच्या लाटेवर. तंतूच्या आवरणात बारीक दारं असतात. दार क्षणभर उघडतं, सोडियम आत येतो, दार मिटतं, संदेश पुढे सरकतो. डीडीटी हे त्या दारात मारलेल्या पाचरीसारखं बसतं. दार मिटतच नाही. संदेशांचा भडिमार सुरू होतो, डास थरथरतो, पाय झाडतो, कोसळतो. पायरेथ्रॉइड औषधं रचनेनं डीडीटीहून अगदी निराळी. शेवंतीच्या कुळातल्या एका पांढऱ्या फुलात सापडणाऱ्या विषावरून ती बनवलेली आहेत. पण तीही याच दारात पाचर मारतात.

हे दार दोन हजारांहून अधिक अमिनो आम्लांची माळ वळवून बनलेलं असतं. त्या माळेतल्या १०१४व्या मण्याच्या जागी ल्यूसीनऐवजी फेनिलअलॅनीन किंवा सेरीन आलं, की खाच बदलते आणि पाचर नीट बसत नाही. एक मणी, बस्स. पश्चिम आफ्रिकेतल्या डासांत हा बदल १९९८ मध्ये ओळखला गेला, आणि ओडिशातल्या क्युलिसिफेशीसमध्ये दोन्ही प्रकारचे बदल सापडल्याचं २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. यातून एक अप्रिय गोष्ट निघते. डीडीटीला निभावून जाण्यासाठी जी खाच बदलली, तीच पुढे आलेल्या पायरेथ्रॉइडलाही उपयोगी पडते. नव्या औषधाचा पहिला डबा उघडण्याआधीच त्याची काही धार गेलेली असते.

दुसरा मार्ग आणखी मजबूत. दार आहे तसंच राहतं, पण पाचर तिथवर पोचूच दिली जात नाही. डासाच्या शरीरात, आपल्या यकृतात असतात तशी, परकी रसायनं फोडणारी विकरं असतात. सायटोक्रोम पी-४५० नावाचं त्यांचं एक मोठं घराणं आहे. काही डासांत ही विकरं नेहमीपेक्षा कितीतरी अधिक तयार होतात आणि पायरेथ्रॉइडचा रेणू वाटेतच मोडून टाकतात. मॅलॅथिऑन मोडणारी विकरं वेगळी, एस्टरेज नावाची. डीडीटीचं रूप पालटून ते निरुपद्रवी करणारी आणखी वेगळी. काही डासांची कातडी जाड होते, पायांतून औषध शिरायला वेळ लागतो. काहींच्या पायांत औषधाला धरून ठेवणारं प्रथिन वाढलेलं असतं. एकाच डासात यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या की परिस्थिती हाताबाहेर जाऊ लागते.

डास दाद देईनासे झाल्यावर माणसांचं काय होतं, याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण दक्षिण आफ्रिकेतलं आहे. तिथे डीडीटीच्या फवारणीनं अ‍ॅनॉफिलिस फ्युनेस्टस हा डास १९५०च्या दशकात हटला होता. हा डास माणसाचं रक्त आणि माणसाचं घर दोन्ही पसंत करणारा, म्हणून फार धोक्याचा. १९९६ मध्ये सरकारनं पर्यावरणाच्या काळजीपोटी डीडीटी सोडून डेल्टामेथ्रिन घेतलं. तीन वर्षांनी, १९९९ मध्ये, क्वाझुलू-नाताल प्रांतात नियमित फवारलेल्या घरांतच फ्युनेस्टस पुन्हा सापडला. तो मोझांबिककडून आला होता आणि पायरेथ्रॉइडला जुमानत नव्हता. १९९५ मध्ये देशात वर्षाला दहा हजारांच्या आत असलेले रुग्ण २००० मध्ये साठ हजारांवर गेले. त्याच वर्षी डीडीटी परत आणलं गेलं, आणि डास मेले. कारण त्यांचा प्रतिकार विकरांचा होता, दाराचा नव्हता. त्यांचं पी-४५० पायरेथ्रॉइड मोडत होतं, पण डीडीटी मोडणं त्याच्या हातात नव्हतं. रोग्यांसाठीची गोळीही २००१ मध्ये बदलली, कारण जुन्या गोळीला परजीवी दाद देत नव्हता. पुढच्या दोन-तीन वर्षांत रुग्ण झपाट्यानं घटले. किती श्रेय डीडीटीचं आणि किती नव्या गोळीचं, हे वेगळं काढता येत नाही. पण प्रतिकार ‘आहे’ एवढं कळून भागत नाही, तो कोणत्या जातीचा आहे हे कळावं लागतं, हा धडा तिथे मिळाला. दार बदललेल्या डासांवर तेच डीडीटी फवारलं असतं तर पैसा आणि जीव दोन्ही वाया गेले असते.

आफ्रिकेच्या बाकी भागात सगळी भिस्त मच्छरदाणीवर होती. औषध भिनवलेल्या मच्छरदाण्या, हिवतापावरची नवी औषधं आणि फवारणी यांनी मिळून २००० ते २०१५ या काळात सहारा वाळवंटाखालच्या आफ्रिकेत ६६ कोटींवर आजारपणं टळली, असा एक मोठा अभ्यास सांगतो. त्यांतला ६८ टक्के वाटा एकट्या मच्छरदाण्यांचा. आणि या मच्छरदाण्यांत वापरायला एकच कुटुंब होतं: पायरेथ्रॉइड. कारण उघड आहे. ज्या जाळीखाली तान्हं मूल झोपणार, जिचा कोपरा ते तोंडात घालणार, तिच्यावर दुसरं काही चालणार नव्हतं. पण हेच कुटुंब कपाशीवर आणि भाजीपाल्यावर फवारलं जात होतं, भिंतींवर होतं, आणि आपण घरात जाळतो त्या कॉइलमध्ये व पिनेला लावतो त्या बाटलीतही बहुधा तेच असतं. अळ्या वाढतात ते शेताकडेचं पाणीही त्यातून सुटत नाही. २०१५ नंतर जगातली हिवतापाची घसरण थांबली; २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २६ कोटी ३० लाख लोक आजारी पडले आणि ५ लाख ९७ हजार दगावले. त्याला पैसा, युद्धं, साथी अशी अनेक कारणं आहेत. डासांचा प्रतिकार त्यांतलं एक.

प्रतिकार मोजतात कसा, तेही पाहण्याजोगं आहे. पहाटे, उजाडायच्या सुमाराला, कीटक-समाहारक, म्हणजे डास गोळा करणारा कर्मचारी, गोठ्यात शिरतो. क्युलिसिफेशीसला गुरांचं रक्त आवडतं, रात्री पिऊन झालं की तो तिथेच भिंतीला लागतो. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात तोंडानं हवा ओढून डास आत घ्यायची नळी. पंख न मोडता शंभर-दीडशे माद्या गोळा करायच्या, हे सोपं काम नाही. मग वीस-पंचवीस माद्या एकेका नळकांड्यात सोडतात. आत औषध लावलेला कागद गुंडाळलेला असतो. डीडीटी ४ टक्के, मॅलॅथिऑन ५ टक्के, डेल्टामेथ्रिन ०.०५ टक्के, ही प्रमाणं ठरलेली. दोन नळकांड्यांत साधा कागद, तुलनेसाठी. तासभर तिथे ठेवायचं, मग हलक्या फुंकरीनं दुसऱ्या स्वच्छ नळकांड्यात घ्यायचं, साखरपाण्याचा बोळा द्यायचा, सावलीत ओल्या कापडाखाली चोवीस तास थांबायचं. दुसऱ्या दिवशी मोजणी. जी उभी राहू शकते आणि उडू शकते ती जिवंत. तिचे तीन पाय तुटलेले असले तरी जिवंत. शंभरातल्या ९८ किंवा अधिक मेल्या तर औषध चालतं. ९०च्या खाली आल्या तर प्रतिकार पक्का. मधलं काही आलं तर पुन्हा तपासा.

इथवर सगळं सरळ वाटतं. अडचण पुढे आहे. या कसोटीत प्रतिकार पक्का ठरलेल्या गावांत मच्छरदाण्या निकामी झालेल्या असायला हव्यात. पण तसं दिसलं नाही. बेनिन, कॅमेरून, केनिया, सुदान आणि भारत या पाच देशांत जागतिक आरोग्य संघटनेनं घडवलेला एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातलं भारतातलं ठिकाण होतं छत्तीसगडमधलं केशकाल, म्हणजे गडचिरोलीच्या जंगलाच्या पलीकडचाच मुलूख. डासांचा प्रतिकार कमी असो वा जास्त, मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना न झोपणाऱ्यांपेक्षा हिवताप कमीच झाला.

थोडं श्रेय साध्या जाळीचं. औषध असो नसो, ती मधे उभी असतेच. पण उरलेलं कोडं उलगडायला पुन्हा त्या बारा दिवसांकडे यावं लागतं. कसोटी विचारते: चोवीस तासांनी डास जिवंत आहे का? रोग विचारतो: बाराव्या दिवशी आहे का? हे दोन प्रश्न वेगळे आहेत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, पायरेथ्रॉइडला चांगलाच प्रतिकार असलेले डास औषधाच्या जाळीला लागल्यावर चोवीस तास खुशाल जगले, पण त्यांचं पुढचं आयुष्य जवळजवळ निम्म्यावर आलं. विषाशी झगडण्याची किंमत त्यांनी उशिरा मोजली. ज्याला पंधरा दिवस मिळायचे त्याला आठ मिळाले, तर मलेरियाच्या हिशेबात तो मेल्यातच जमा. मात्र प्रतिकाराची तीव्रता वाढत गेली की ही उशिराची किंमतही कमी होऊ शकते. म्हणून आजवर जाळी चालली, तेव्हा उद्याही चालेल, असं धरून बसणं मला धोक्याचं वाटतं.

नव्या मच्छरदाण्यांच्या मागची कल्पना मात्र मनापासून आवडावी अशी आहे. पहिल्या प्रकारात पायरेथ्रॉइडबरोबर पिपेरोनिल ब्युटॉक्साइड नावाचं रसायन असतं. ते स्वतः फारसं मारत नाही. ते पी-४५० विकरांना गुंतवून ठेवतं, म्हणजे पाचर दारापर्यंत सुखरूप पोचते. दुसरा प्रकार त्याहून पुढचा. त्यात क्लोरफेनापिर असतं. हे रसायन जाळीवर असतं तेव्हा पुरतं विषच नसतं. डासाच्या अंगात शिरल्यावर पी-४५० विकरं नेहमीप्रमाणे त्याला मोडायला धावतात, आणि त्यांनी मोडल्यावरच त्याचं खरं विष तयार होतं. ते मज्जातंतूच्या दाराकडे जातच नाही. पेशींत ऊर्जा बनते त्या ठिकाणी घाव घालतं. उडून उडून पेशी थकतात आणि एक-दोन दिवसांनी डास गळून पडतो. ज्या विकरांच्या बळावर डास पायरेथ्रॉइडपासून वाचत होता, तीच विकरं त्याचं विष रांधतात. टांझानियातल्या मोठ्या चाचणीत दोन वर्षांत या जाळ्यांखालच्या मुलांना जुन्या जाळ्यांच्या तुलनेत हिवताप ४४ टक्क्यांनी कमी झाला, बेनिनमध्ये ४६ टक्क्यांनी. मार्च २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांची ठाम शिफारस केली.

पण हेही औषध त्याच चाळणीतून जाणार आहे. आणि एकदा निवडून आलेला प्रतिकार औषध थांबवल्यावर परत जाईलच, असं नाही. सुरत जिल्ह्यात डीडीटी मागे घेऊन काही दशकं उलटल्यावरही तिथले क्युलिसिफेशीस त्याला दाद देत नव्हते. म्हणून एक औषध झिजेपर्यंत घासून मग दुसऱ्याकडे जाण्याऐवजी वेगवेगळ्या तऱ्हेनं मारणारी औषधं आलटून पालटून वापरावीत, असं कीटकनाशक-प्रतिकाराबद्दलच्या २०१२च्या जागतिक आराखड्यातही सांगितलेलं आहे. ते महाग पडतं. भारतात नोंदलेले रुग्ण २०१५ मधल्या ११ लाख ६९ हजारांवरून २०२३ मध्ये २ लाख २७ हजारांवर आले आहेत. रुग्ण घटले की पहिली कात्री कीटक-तपासणीच्या खर्चाला लागते, आणि १९६५ नंतरची दहा वर्षं आठवली की याची धास्ती वाटते.

काही डासांपुढे तर भिंतीवरचं औषध फारसं कामाचंच नाही. मुंबईचा अ‍ॅनॉफिलिस स्टिफेन्साय गच्चीवरच्या टाक्यांत, विहिरींत, बांधकामांवर साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. मुंबईतल्या हिवतापाचा शोध घेणाऱ्या बेंटली या डॉक्टरांनी १९११च्या आपल्या अहवालात मुंबईच्या हिवतापाचं मूळ विहिरींत दाखवलं होतं. हाच डास २०१२ मध्ये आफ्रिकेत जिबुतीला पोचला. तिथे त्या वर्षी हिवतापाचे २७ रुग्ण नोंदले गेले होते, २०२० मध्ये ७३ हजारांवर. इथिओपियात तो सापडला तो अनेक औषधांना प्रतिकार घेऊनच. त्याच्यावर मुंबई आणि पणजीचा अनुभव अधिक उपयोगी: घट्ट झाकण, टाकीला जाळी, गप्पी मासे, आणि अळ्यांवर बीटीआय. हा बीटीआय म्हणजे कपाशीतल्या बीटीचाच भाऊबंद, त्याच जातीच्या जिवाणूचा दुसरा वाण. आणि तो एकाहून अधिक विषं एकत्र घेऊन येत असल्यानं अळ्यांना त्याच्यातून वाट काढणं फार अवघड गेलेलं आहे.

गोठ्यातून आणलेल्या माद्यांकडे परत येऊ. कसोटीच्या नळकांड्यात न घातलेल्या काही माद्या बाजूला ठेवलेल्या असतात. त्यांचं वय काढायचं असतं. मादी काचपट्टीवर ठेवून दोन बारीक सुयांनी तिचे अंडकोश अलग करतात. ज्या मादीनं अजून एकदाही अंडी घातलेली नाहीत, तिच्या अंडकोशावरच्या श्वासनलिकांची टोकं वळ्यांसारखी गुंडाळलेली दिसतात; एकदा अंडी घातली की ती ताणून सरळ होतात आणि पुन्हा गुंडाळत नाहीत. सराईत हात याच्याही पुढे जातो. दर वेळी अंडी घातल्यावर अंडनलिकेच्या देठावर एक बारीकशी गाठ मागे राहते, आणि त्या गाठी मोजता येतात. एक गाठ म्हणजे तीनेक दिवस. फवारलेल्या गावातून आणलेल्या शंभर माद्यांत बहुतेकींना गाठच नसेल, कुणाला एखादी असेल, तर कसोटीचा आकडा काहीही म्हणो, भिंत अजून काम करते आहे. चार गाठींच्या माद्या दिसू लागल्या, तर त्या गावात पुढच्या महिन्यात रक्तनमुने वाढवावे लागतात.